नव्वद दिवसांचा राग

डॉक्टर अमोघ वर्तक माझ्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी कोयत्यानं नारळ सोलत होते. नशीब त्याचं म्हणायचं की माझं, हे अजून ठरलेलं नाही. कोयता मी खाली ठेवला, एवढं मात्र माझ्या बाजूनं ध्यानात ठेवा.

त्याच्या हातात सफरचंदांची पिशवी होती. आजारी माणसाला बघायला जाताना नेतात तशी. गाडी लांब रस्त्यावर लावून तो चालत आला होता आणि उंबऱ्याबाहेरच थांबला होता. आत ये म्हणायची माझी इच्छा नव्हती, म्हणून मीही त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं.

माझं नाव सारिका ढोबळे. येळगाव सेक्शनला लाइनवर काम करते, बावीस वर्षं झाली. बाई वायरमन म्हटलं की लोक अजून तोंडात बोट घालतात. खांबावर चढायचं, तुटलेली तार ओढायची आणि लाइट गेली की गावाच्या शिव्या खायच्या, हे आमचं काम. शिव्यांचं मला काही नाही. एक आली तर मी दोन परत देते, आणि तालुका मला ओळखतो तो त्याच्यावरूनच. संग्राम माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता. मी वाढवला, मी आयटीआयला घातला, मीच या कामाला चिकटवला. तीन वर्षांपूर्वी तो अकरा हजार व्होल्टच्या लाइनला चिकटून गेला, एकतिसाव्या वर्षी. आणि त्याला मारणारा माणूस आता सफरचंदं घेऊन माझ्या दारात उभा होता.

कसा मारला ते सांगते.

आमच्या तालुक्याची वीज एका खासगी कंपनीकडं गेली. त्या कंपनीची डोकेदुखी अशी की वायरमन आणि गावकरी यांच्यात वर्षाला दहा-बारा मारामाऱ्या व्हायच्या. त्यातल्या निम्म्या माझ्या. मग कंपनीनं वर्तककडून पट्ट्या घेतल्या. नाव ‘निवांत’. नखाएवढी पट्टी, कानामागं चिकटवायची. समजावायला वर्तक स्वतः आला होता. स्टोअरमध्ये केबलच्या भेंडोळ्यांपुढं फळा लावून त्यानं आम्हाला राग शिकवला, आणि खोटं कशाला बोलू, छान शिकवला. म्हणाला, काही जण राग गिळतात. तोंड हसरं असतं, पण आत छाती जास्तच धडधडते, आणि तो गिळलेला राग पुढं रक्तदाब होऊन बाहेर पडतो. काही जण दुसरीकडं बघतात, टीव्ही लावतात, ते तेवढ्यापुरतं. काही जण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा चघळत बसतात. याला त्यानं रवंथ म्हटलं, आणि सगळ्या सेक्शननं माझ्याकडं बघून हसून घेतलं. मी म्हटलं, हसा, म्हैस दूध तरी देते.

पण शहाणा माणूस फेरविचार करतो, असं तो म्हणाला. म्हणजे त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ लावतो. शिव्या देणारा तुझ्यावर नाही, अंधारावर चिडलाय. त्याच्या पोरीची उद्या परीक्षा आहे. अर्थ बदलला की राग दाबावा लागतच नाही, तो उगवतच नाही. अडचण एवढीच की भडकलेल्या माणसाला असं काही सुचत नाही. तिथं पट्टी कामाला येते. राग डोक्याला कळायच्या आधी शरीराला कळतो, नाडी बदलते, घाम बदलतो. पट्टी ते ओळखते आणि कानातून काळजापर्यंत जाणाऱ्या एका नसेला अगदी बारीक करंट देते. पाच-सहा सेकंदांत आत सगळं शांत. त्या शांततेत कानाशी हळूच एक आवाज दुसरा अर्थ सांगतो. दोन-तीन महिन्यांनी आवाजाचीही गरज उरत नाही, डोकं शिकतं आणि तो अर्थ आपला आपणच यायला लागतो.

मी ती दोन दिवस घातली आणि गटारात टाकली. संग्रामनं मात्र घातली. तो घरी आरडाओरडा करायचा, काजल, त्याची बायको, वैतागली होती, आणि मीच त्याला म्हटलं, घाल बाबा, संसार सुखाचा होईल. हो, मीच म्हटलं. मी हे कुणापासून लपवत नाही. संसार सुखाचा झालाही. आठ महिने.

आमच्या कामाचा एक नियम आहे. लाइन बंद केली असं सबस्टेशननं सांगितलं तरी त्या शब्दावर हात लावायचा नाही. आधी तपासायचं, मग तारेला अर्थिंग करायचं, म्हणजे तार जमिनीशी जोडायची. कुठून चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता मातीत जाते. हल्ली प्रत्येक विहिरीवर सोलर आहे. एखादा शहाणा सोलरचं संरक्षण काढून टाकतो आणि त्याची वीज बंद लाइनीत मागनं शिरते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. संग्रामलाही होतं. खांबावर चढला की तो वाघाचा ससा व्हायचा, दोनदा तपासल्याशिवाय हात पुढं करायचा नाही. त्या दिवशी त्यानं अर्थिंग केलं नाही. तपासलंही नाही. सरळ तार धरली.

चौकशीत लिहून आलं: मानवी चूक. माझ्या भावाच्या नावापुढं हा शिक्का बसला. मग काजलनं अर्ज करून त्याच्या पट्टीची नोंद मिळवली. सकाळी अकरा बेचाळीसला त्याच्या नाडीची रेघ एकदम वर गेली. खांबावर, तारेसमोर, त्याला भीती वाटली होती. वाटायला हवी तशीच. सहा सेकंदांत रेघ सपाट झाली. अकरा चव्वेचाळीसला ती संपली.

तीन वर्षं मी ती दोन मिनिटं चघळत होते. भांडी घासताना, खांबावर, देवळात. त्या दोन मिनिटांत त्याला काय वाटलं असेल, शेवटी तरी कळलं असेल का, मला हाक मारावीशी वाटली असेल का. आणि प्रत्येक वेळी शेवटाला वर्तकचं तोंड यायचं, फळ्यापुढं उभं असलेलं. त्याला मी मनात किती तऱ्हांनी मारला त्याची गणती नाही.

तर तो आता सांगत होता की पट्टी घराघरांत विकायला काढायची आहे. तालुक्याच्या गावी मोठा कार्यक्रम ठेवलाय. माझा राग साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. मी नव्वद दिवस पट्टी घालून त्या स्टेजवर उभी राहिले तर लोकांना पटेल, आणि मलाही जरा झोप लागेल. लाज नावाची गोष्ट नव्हतीच. पण नीट बघितलं तर उर्मटपणाही नव्हता. पाहुणा बोलतो तसा गोड, सावकाश बोलत होता. मी मान वाकडी करून त्याच्या कानामागं बघितलं. पट्टी होती.

मी त्याला एकच गोष्ट विचारली. संग्रामला राग आला नव्हता, भीती वाटली होती. ती का मारली?

“पहिल्या अर्ध्या सेकंदात शरीराला राग आणि भीती सारखीच असते, सारिकाताई,” तो म्हणाला. “पट्टीला फरक कळत नाही. आम्हाला हे माहीत होतं. धोका फार थोड्यांना होईल असं वाटलं.”

पाऊस पडेल असं वाटलं, असं म्हणावं इतक्या सहज. त्याच क्षणी मी ठरवलं. मी म्हटलं, येते. पण स्टेजवर आमचं काम कसं असतं ते मी माझ्या पद्धतीनं दाखवणार आणि तुम्ही माझ्याशेजारी उभं राहायचं, तुमच्या पट्टीची रेघही पडद्यावर पाहिजे. तो खूश झाला. सफरचंदं मी शेजाऱ्यांच्या शेळीला घातली.

बेत मी दस्तगीरचाचांना सांगितला. दस्तगीर मुलाणी, आमच्या सेक्शनचे सगळ्यात जुने वायरमन, रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेलं. छातीत पेसमेकर असल्यानं त्यांना पट्टी माफ होती. आणि अख्ख्या सेक्शनमध्ये भित्रे म्हणून प्रसिद्ध. घरातलं बटण लावायच्या आधीसुद्धा चप्पल घालणारा माणूस. चाचा खांबाला सलाम करून चढतात, असं सगळे चिडवायचे. मीही चिडवायची.

बेत साधा होता. आमच्या ट्रेनिंग शेडमधला लोखंडी स्टँड आणि वायर स्टेजवर न्यायची. आधी बल्ब पेटवून वायर चालू आहे हे दाखवायचं. मग चाचांनी पडद्यामागचं बटण बंद करायचं, मी बल्ब काढून वायर उघडी करायची, आणि सगळ्यांसमोर वर्तकला म्हणायचं, बंद आहे की नाही मला माहीत नाही, शेजारी टेस्टर ठेवलाय, आता वायर धरा. अक्कल ठिकाणावर असलेला कोणीही माणूस आधी टेस्टर उचलेल. हा उचलणार नाही. त्याची रेघ वर जाईल, सपाट होईल, आणि हा हसत हात पुढं करेल. पडद्यावर त्याच्या रेघेच्या वर संग्रामची रेघ. अकरा बेचाळीसची. पट्टी माणूस कसा मारते ते पट्टी बनवणाऱ्याच्या अंगावर दिसेल, सातशे लोकांच्या डोळ्यांदेखत. त्याचा धंदा बसेल, नाव बसेल, आणि संग्रामच्या नावावरचा शिक्का उठेल.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, सगळं खरं, पण नव्वद दिवसांनी तुझा राग राहील का? ती पट्टी तुलाही धुऊन काढेल.

हीच तर खरी गोम होती. मी त्यावर रात्रभर नाही, पण दुपारभर तरी विचार केला. मग एक कागद घेतला आणि आम्ही लाइनवर चढायच्या आधी परमिट लिहितो तसं सगळं लिहून काढलं. कोण कुठं उभं राहणार, कधी बल्ब, कधी बटण, कोणतं वाक्य बोलायचं. खाली सही केली आणि कागद चाचांकडं दिला. आमच्याकडं परमिट निघालं की काम होतं, तुमचा त्या दिवशीचा मूड कोणी विचारत नाही. राग पेटवायला लागतो. काम पुरं करायला तो लागतोच असं नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

काजलला मी काही सांगितलं नाही. संग्राम गेल्यावर सहा महिन्यांनी तिनं पट्टी घातली होती, त्याला मारणारीच पट्टी, आणि मी वर्षभर तिच्याशी धड बोलले नव्हते. “अक्का, मला पोरीला वाढवायचंय,” एवढंच ती म्हणाली होती. तिची झोप परत आली, शिवणाचं काम परत सुरू झालं, हे मला दिसत होतं. पण एकदा पोरीनं तव्याला हात लावला, तळहाताला फोड आला, पोर घर डोक्यावर घेत होती, आणि काजल सावकाश उठून, पदर खोचून, पाण्याचं भांडं शोधायला गेली. मी पोरीला उचलून नळाखाली धरलं. काजल म्हणाली, होईल बरं. झालंही बरं. पण माझ्या अंगावर काटा आला तो आला.

पहिले दहा दिवस मी पट्टीशी भांडले. रोज संध्याकाळी पायरीवर बसून ती दोन मिनिटं काढायची आणि चघळायची. छाती तापायला लागली की कानामागं मुंगी चावल्यासारखं व्हायचं, आणि आत कोणीतरी पंखा लावल्यासारखं गार. मग तो आवाज. तोही कोणाचा तरी मुलगा आहे. त्यानं मुद्दाम केलं नाही. मी त्या आवाजाला काय काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही, आणि म्हणता म्हणता तेही गार पडायचं. मग मी दुसरी युक्ती केली. राग अंगात चढू न देता नुसता आठवायचा. किराणा मालाची यादी आठवतात तसा: वर्तक, पट्टी, अकरा बेचाळीस. यादीला पट्टी काही करू शकत नव्हती. मला वाटलं, जिंकले.

पस्तिसाव्या दिवशी एका सरपंचानं मला भर चौकात आईवरून शिवी दिली, आणि मी त्याला म्हटलं, दादा, पाणी प्या. चौक गार पडला. लोक माझी तब्येत विचारायला घरी यायला लागले.

पन्नासाव्या दिवसाच्या आसपास आवाज बंद झाला. आता विचार आपोआप यायचे, आणि ते माझेच होते. वर्तकच्या डोळ्यांखाली काळं दिसलं होतं. त्याला झोप लागत नसेल. काजलकडं गेले, दोघी मिळून भाकऱ्या केल्या, कितीतरी दिवसांनी हसलो. ती म्हणाली, अक्का, तुम्ही आता माणसात आलात. मला बरं वाटलं. हे सांगायला मला आज लाज वाटते, पण तेव्हा खरंच बरं वाटलं. चोवीस तास दुखणारी दाढ थांबली की वाटतं तसं.

सत्तराव्या दिवशी मी चाचांना म्हटलं, जाऊ दे ना, चाचा. काय मिळणार आहे त्यातून.

चाचांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि माझ्यासमोर धरला. “ही सही कोणाची?” त्यांनी विचारलं.

माझी होती. परमिटवर सही आहे म्हणजे काम आहे. मी म्हटलं, बरं, करू. मनात काही नव्हतं, ना राग ना उत्साह. गिरणीत दळण टाकून येते म्हणावं तसं मी ते म्हटलं. चाचांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि कागद घडी करून परत ठेवला.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता, एका मंगल कार्यालयात. सातशे खुर्च्या, स्टेजवर फुलांची कमान, मागं मोठा पडदा. पडद्यावर दोन हिरव्या रेघा, एक माझी, एक वर्तकची, तळ्यातल्या पाण्यासारख्या सपाट. काजल पोरीला घेऊन दुसऱ्या रांगेत बसली होती. वर्तकनं माझी ओळख करून दिली. तालुक्यातली सगळ्यात रागीट बाई म्हटल्यावर टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. माझी रेघ हलली नाही.

मग मी कागदाप्रमाणे सुरू केलं. बल्ब पेटवला. हात वर केला, पडद्यामागं चाचांनी बटण बंद केलं, बल्ब विझला. मी बल्ब काढला, होल्डर काढला, वायरची दोन्ही टोकं सोलली आणि स्टँडला न टेकवता मोकळी लोंबत सोडली. टेस्टर टेबलावर ठेवला. मग मी लोकांना संग्रामबद्दल सांगितलं. संथ, एकेक शब्द नीट. पडदा चालवणाऱ्या पोराला मी आधीच दिलेली त्याची रेघ पडद्यावर आली. कोपऱ्यातल्या बाळाचं चोखणं स्टेजवर ऐकू येत होतं.

त्याच वेळी पंखे मंदावले आणि लगेच पुन्हा वेगात आले. गावची लाइट गेली होती आणि कार्यालय छतावरच्या सोलरच्या बॅटरीवर गेलं होतं. मला ते दिसलं. नुसतं दिसलं नाही, कळलं. बावीस वर्षांच्या माणसाला कळणारच. कानामागं बारीकसं चावलं, आणि माझ्या मनात आलं, असेल काही. चाचांनी बटण बंद केलंय.

“ही वायर आत्ता चालू होती,” मी वर्तकला म्हटलं. “बंद झाली की नाही, मी तपासलेलं नाही. टेस्टर तिथं आहे. आता वायर हातात धरा.”

अगदी कागदावर होतं तसंच. त्याची रेघ वर उडाली. एक, दोन, पाच, सहा. रेघ सपाट. वर्तक माझ्याकडं बघून हसला, विश्वासानं, आणि टेस्टरकडं न बघता त्यानं उजवा हात पुढं केला. वीतभर अंतर. मी बघत होते. तीन वर्षं ज्यासाठी जगले ते समोर घडत होतं आणि मला दळणाची आठवण झाली.

पडद्यामागून चाचा धावत आले. सत्तावन्न वर्षांचा, पेसमेकरवाला, भित्रा माणूस. पंखे मंदावताच त्यांनी पडद्यामागं आपला टेस्टर लावून बघितला होता. त्यांच्या हातात लाकडी खुर्ची होती आणि ती त्यांनी वायरवर अशी हाणली की वायर लोखंडी स्टँडवर पडली. निळा जाळ झाला, बंदुकीसारखा आवाज आला, स्टेजवरचे दिवे गेले. वायर जिवंत होती. डेकोरेटरनं बॅटरीची लाइन बटणाला वळसा घालून थेट त्या पॉइंटला जोडली होती. बंद लाइनीत मागून वीज आली होती. ज्यानं माझा भाऊ गेला, तेच.

लोक किंचाळत होते, खुर्च्या पडत होत्या. आणि पडदा चालूच होता. त्यावर दोन रेघा सपाट. एक वर्तकची, एक माझी. लोकांना त्या दिसत होत्या. हळूहळू एकेक जण बोट दाखवायला लागला.

चाचांनी खुर्ची टाकली आणि माझा दंड धरला. “टेस्टर का लावला नाहीस?” ते मला विचारत होते. “सारिका, तू टेस्टर का लावला नाहीस?”

कागदावर नव्हतं, चाचा. बाकी सगळं लिहिलं, ते लिहायचं राहिलं. ते कोण लिहितं? श्वास घ्यावा, असं परमिटवर कोणी लिहितं का? ते हाताला आपोआप येतं, कारण पोटात भीती असते.

मी तिथंच कानामागची पट्टी उपटली, कातडीसकट. वधूपक्षाच्या खोलीत जाऊन बसले. आरशावर कुणाकुणाच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या. पाव तासानं आधी गुडघे हलायला लागले, मग दात. घामानं ब्लाउज ओला झाला. माझ्या हातानं, माझ्या वायरवर एक माणूस मरत होता आणि मी दळणाचा विचार केला. आणि मग ते कळलं जे तीन वर्षं चघळून कळलं नव्हतं. अकरा बेचाळीस ते अकरा चव्वेचाळीस संग्रामला काय वाटलं. काही नाही. त्यानं मला हाक मारली नाही, देवाला मारली नाही. असेल बंद, म्हणाला असेल, आणि त्याला घरच्या कालवणाची आठवण झाली असेल. मी भिंतीला डोकं लावून अशी ओरडले की बाहेरचा गोंगाट थांबला. राग आला होता. माझा, हक्काचा, पोटातून.

दार उघडून वर्तक आत आला. चेहरा तसाच, निर्मळ.

“तुमचा हेतू मला समजतो, सारिकाताई,” तो म्हणाला. “तुम्हाला मला मारायचं होतं. माझ्या मनात राग नाही.”

“मारायचं असतं तर आधी टेस्टर लावला असता,” मी म्हटलं. “चालू आहे याची खात्री करून मग दिली असती.”

त्याला ते समजलं नाही. मला तो समजूतदारपणा सहन होईना. मी उठले, त्याची मान धरली आणि पट्टी ओढून काढली. खालची कातडी पांढरी फटक होती, वर्षानुवर्षं ऊनच न लागल्यासारखी. मी दाराला कडी लावली. तो प्रतिकार करत नव्हता, नुसता सांगत होता की संग्रामची बातमी आली त्या संध्याकाळी त्यानं ती लावली होती, त्यानंतर आंघोळीलाही काढली नाही. पट्टी काढल्यावर नस मोकळी व्हायला पाव तास लागतो, हे त्यानंच आम्हाला शिकवलं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहून पाव तास वाट बघितली. इतक्या मजेनं मी कशाचीच वाट बघितली नव्हती.

आधी त्याची बोटं हलायला लागली. मग त्यानं उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि उलटसुलट बघत राहिला. मग तोंडातून असा आवाज निघाला की मी ओळखला. तसा मीही काढला होता, दवाखान्याच्या व्हरांड्यात. तो खाली जमिनीवर बसला. मी बघत होते. पोटभर बघायचं ठरवलं होतं, पण माझे स्वतःचे हात अजून इतके कापत होते की नीट बघताही येईना.

“त्याला कळलं का?” त्यानं विचारलं. “शेवटी. संग्रामला काही वाटलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “काहीच नाही. मी आत्ताच तिथं जाऊन आले.”

मग तो खरा फुटला. संग्रामचं नाव घेत राहिला, आणखी दोन-तीन नावं घेतली, दुसऱ्या जिल्ह्यांतली, मला माहीत नसलेली. बाहेर चाचा दार वाजवत होते, काजल हाका मारत होती. त्यानं डोळे पुसले, माझ्यापुढं हात पसरला आणि पट्टी मागितली. थोडा वेळच द्या म्हणाला, सहन होत नाही म्हणाला. माझ्या मुठीत होती ती.

“मिळणार नाही,” मी म्हटलं. “मी तीन वर्षं काढली. तुम्ही एक दुपार काढा.”

आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.